घाटावरून घाटाखाली, तेलाच्या वाटीमागून

बुलढाणा जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला तीनच गावं आठवतात. दर्शनाला शेगाव, सहलीला लोणार आणि जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेडराजा. आम्ही जिल्ह्यातली माणसं मात्र आमचा मुलूख वेगळ्या रीतीनं ओळखतो. एक 'घाटावरचा' आणि एक 'घाटाखालचा'. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आमच्या तेरा तालुक्यांचं असं दुमजली घर करून ठेवलं आहे. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार आणि मेहकर. खालच्या मजल्यावर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. वर हवा थंड, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती आणि वैशाखात अंग भाजून काढणारं ऊन. बोलीसुद्धा जिना उतरताना बदलते!

दिवाळीच्या सुट्टीत या दोन्ही मजल्यांवरून मी तीन दिवस फिरून आले. निमित्त ना देवदर्शनाचं होतं, ना सहलीचं. निमित्त होतं तेल-मालिशचं! हसू नका. सांगते.

माझी एक मामेबहीण मोताळा तालुक्यात राहते. तिशीतली, दहावी पास, पदरी दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यात कधी कपाशी, कधी सोयाबीन, आणि पाऊस रुसला की काहीच नाही. तिच्या हाताला मात्र गुण आहे. कुणाची मान अवघडली, कुणाचा पाय मुरगळला की तिला बोलावणं येतं. शहरातल्या 'स्पा थेरपिस्ट' होण्याच्या एका वर्गाची जाहिरात घेऊन ती माझ्याकडे आली. "ताई, जाऊ का गं?" एवढाच तिचा प्रश्न. मामी मात्र तिकडे पाय आपटून सांगत होत्या, "लोकांची अंगं चोळायला आपल्या घरातली बाई आजवर गेली नाही. तूही जायचं नाहीस."

शाळेत मी तासिकेवर शिकवते, त्यामुळे सुट्टीत रिकामी होते. ह्यांनी मुलांची जबाबदारी घेतली. म्हटलं, चल, आधी आपल्याच जिल्ह्यात हे काम कोण करतं, कसं करतं ते पाहू. २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेव्हा खर्चाचीही मोठी धास्ती नव्हती.

राजवाड्यातलं न्हाणीघर

चिखली, देऊळगावराजा करत दुपारपर्यंत सिंदखेडराजाला पोहोचलो. लखुजी जाधवांच्या वाड्याचं ते भव्य दगडी प्रवेशद्वार पाहिलं की आजही छाती भरून येते. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथेच झाला. दर जानेवारीत इथे माणसांचा पूर लोटतो. आम्ही गेलो तेव्हा मात्र शाळेची एक सहल आणि आम्ही दोघी एवढेच होतो.

त्या शांततेत बहीण एकदम म्हणाली, "ताई, जिजाऊंना लहानपणी पायावर घेऊन कुणी न्हाऊ घातलं असेल गं?"

मी इतिहासात बी.ए. केलंय, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. वाडा कुणी बांधला ते लिहिलेलं असतं, लढाई कुणी जिंकली ते लिहिलेलं असतं. पण त्या बाळाचे हातपाय तेलानं कुणी चोळले, बाळंतिणीची कंबर कुणी शेकली, त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवणार? कुणीतरी असणार एवढं नक्की. वाड्यात काय नि झोपडीत काय, आपल्याकडे मूल तेलाच्या हातातूनच मोठं होतं.

तिथून लोणार गाठलं. लोणारचं सरोवर उल्केच्या आघातानं झालेलं, बेसाल्टच्या काळ्या खडकातलं. काठापासून काठापर्यंत रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. २०२० च्या जून महिन्यात त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसं झालं, असं शास्त्रज्ञांनी पाणी तपासून सांगितलं. त्याच वर्षी रामसरच्या जागतिक यादीतही त्याचं नाव गेलं. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'त या भागाचा उल्लेख आहे, तो काच आणि साबण करण्याच्या सामग्रीसाठी! तळ्याच्या पाण्यातला खार त्यासाठी वापरात होता. म्हणजे तेलानंतर लागणारा साबणही आमच्याच जिल्ह्यात होता म्हणायचा!

धारेवर गोमुखातून बारा महिने गोडं पाणी पडतं. तिथे आंघोळीला आलेल्या बायका एकमेकींच्या पाठीला तेल लावत बसल्या होत्या. इथे ना फी, ना प्रमाणपत्र.

मेहकरची मावशी

रात्री मेहकरला मुक्काम केला. आमच्या नात्यात तिथे बाळंतीण होती आणि सकाळी आठाच्या ठोक्याला मालिशवाल्या मावशी आल्या. वय साठीच्या पुढचं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात बांगड्या नाहीत. "बांगडी लेकराले ओरखडे काढते वं," त्यांनी न विचारताच सांगितलं.

पाटावर बसून त्यांनी पाय लांब पसरले आणि बाळाला नडग्यांवर घेतलं. तिळाचं तेल गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट केलेलं. आधी ते स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं. मग सुरुवात पावलांपासून. तळवे, पोटऱ्या, मांड्या. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हलके हलके हात. छातीवर मधून बाहेर. मग हात, पाठ आणि शेवटी टाळूवर नुसतं तेल ठेवल्यासारखं. उजवा हात नि डावा पाय जुळवून तिरका व्यायाम. बाळ रडलं तर हात थांबायचा, गाणं सुरू व्हायचं.

"तेल लावनं येगळं अन् तेल जिरवनं येगळं," मावशी म्हणाल्या. "लावते सारेच. जिरवा लागते."

त्यानंतर बाळंतिणीची पाळी. कंबर, पाठ, मांड्या, पावलं. प्रसूती साधी झाली होती म्हणून पोटावरही हलका हात फिरला. "पोट कापलं असन तं मी पोटाले हातच लावत नाई. डॉक्टरीन सांगन तवा," हे त्यांचं धोरण ऐकून मला बरं वाटलं.

मावशींनी हे काम सासूकडून घेतलं. सव्वा महिना रोज यायचं. ठरलेले पैसे आणि शेवटी साडी. आजवर किती लेकरं या पायांवरून गेली याचा हिशेब नाही. आता गुडघे धरतात. सुना या कामात यायला तयार नाहीत. का, म्हणून बहिणीनं विचारलं, तेव्हा मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "देवाले न्हाऊ घालते त्याच्या पाया पडता. लेकराले न्हाऊ घालते तिले दारातच चहा देता. मंग कोन येईन?"

बाळंतिणीच्या सासूबाई ऐकत होत्या. काही न बोलता आत गेल्या. चहा त्या दिवशी स्वयंपाकघरात, आमच्याबरोबर झाला. रोज होतो की नाही, मला ठाऊक नाही.

जुनं सगळंच सोनं नव्हे

मावशींचं कौतुक करताना एक गोष्ट सांगायलाच हवी. घरोघरच्या सगळ्याच पद्धती चांगल्या नसतात. डॉक्टर ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, त्या इथे टिपून ठेवते. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी कात्रण काढून ठेवावं.

जन्मल्यावर निदान चोवीस तास बाळाला आंघोळ घालू नये. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तेल-पाणी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावं.

नाकात, कानात, डोळ्यांत तेल घालू नये. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. बाळाची छाती पिळून 'दूध काढणं' तर मुळीच नको, त्यानं गळू होतं.

दूध पाजल्याबरोबर मालिश करू नये. ताप असेल, अंगावर पुरळ असेल तर त्या दिवशी सुट्टी. मोहरीचं तेल तान्ह्या कातडीला झोंबतं. तिळाचं किंवा खोबरेल बरं.

दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. त्या विषारी वायूला वास नसतो. धुरीच्या धुरानं बाळाचा श्वास कोंडतो. शेकायचं तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून घ्यावी.

आणि मालिशवालीनं नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले असावेत. हे सांगायला संकोच करू नये.

हलक्या हातानं केलेल्या मालिशनं मात्र बाळाला झोप चांगली लागते, आईचा आणि त्याचा स्पर्शाचा धागा जुळतो, हे आता सगळेच मानतात. फ्रेडरिक लबॉये नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कोलकात्यात शांतला नावाच्या एका आईला आपल्या बाळाला मालिश करताना पाहिलं आणि १९७६ मध्ये त्यावर फोटोंचं पुस्तक काढलं. तेव्हापासून युरोपातल्या आया बाळाच्या मालिशला 'शांतला' म्हणू लागल्या. आपल्या ओसरीवरची विद्या तिकडे वर्ग भरवून शिकवतात!

जिना उतरून खाली

मेहकरहून खामगावला उतरलो तशी हवा उबदार झाली. खामगाव म्हणजे कापसाची जुनी पेठ आणि चांदीचा बाजार. तिथे एका वैद्यबाईंचं पंचकर्माचं छोटं केंद्र आहे. त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं आणि बहिणीला टेबलाजवळ उभं करून हातही बघितला.

आयुर्वेदात अंगाला तेल लावणं म्हणजे अभ्यंग. वाग्भटांनी ते रोज करावं, त्यातही डोकं, कान आणि तळपाय विसरू नयेत, असं सांगितलंय. आपण त्याला नरकचतुर्दशीपुरतं ठेवलं! कोरड्या चूर्णानं खालून वर घासणं ते उद्वर्तन; दिवाळीचं उटणं हे त्याचंच घरगुती रूप. औषधी भाताची किंवा पाल्याची पुरचुंडी गरम करून शेकणं ते पिंडस्वेद. कपाळावर तेलाची संथ धार धरणं ती शिरोधारा. आणि तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीनं घासणं ते पादाभ्यंग.

काशाच्या वाटीनं तळपाय काळे होतात, तेव्हा "अंगातली उष्णता निघाली" असं आपण म्हणतो. वैद्यबाई हसून म्हणाल्या, "अहो, कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासताना धातूचा अंश तेलात नि घामात मिसळतो, म्हणून काळं होतं. झोप छान लागते हे खरं, ते मात्र घासण्याचं पुण्य!" मला हे प्रामाणिक उत्तर फार आवडलं.

शहरातल्या पाट्यांवरची नावंही त्यांनीच उलगडून सांगितली. 'स्वीडिश' म्हणजे तेल लावून लांब हात फिरवणं, मळणं, घासणं, थापटणं आणि कंप देणं. हे स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावावर सांगतात, पण हातांचे हे प्रकार शिस्तीत बसवले ते हॉलंडच्या मेझगर नावाच्या डॉक्टरांनी, एकोणिसाव्या शतकात. 'डीप टिश्यू' म्हणजे आतल्या स्नायूंपर्यंत सावकाश दाब. 'शिआत्सू' जपानी, बोटांच्या दाबाचं. 'थाई' मालिशला तेल नाही, कपडे घालून चटईवर ताणायचं नि दाबायचं. त्याचे आद्य गुरू म्हणून थायलंडमध्ये भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांना मानतात, आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं ही विद्या मानवतेच्या वारशात नोंदवली. 'रिफ्लेक्सॉलॉजी' म्हणजे तळव्यावरच्या ठरावीक जागा दाबणं. त्यानं आराम वाटतो, पण तळवा दाबून मूत्रपिंड बरं होतं वगैरे दाव्यांना आधार नाही.

"मग मावशी करत होत्या ते स्वीडिशच की!" बहीण म्हणाली. मळणं, घासणं, थापटणं, सगळं होतं. फक्त पाटी नव्हती.

शेगावला समाधीचं दर्शन घेतलं. इथली पालखी दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते, महिनाभराची वाट. परतीला लोणार, मेहकर, खामगाव करत येते. वाटेवरच्या गावांतून लोक वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतात, पोटऱ्या चेपून देतात. त्यात मोठे घरंदाज लोकही असतात. त्या वेळी मात्र कुणालाही कमीपणा वाटत नाही! सेवा म्हणून केलं तर पुण्य आणि पोटासाठी केलं तर हलकं, हे गणित मला काही सुटलेलं नाही.

स्टेशनच्या वाटेवर एका सलूनमधून चंपीचा टपटप आवाज येत होता. या चंपीचं मूळ आणि इंग्रजांच्या 'शाम्पू'चं मूळ एकच. पाटण्याचे शेख दीन महंमद विलायतेत गेले, १८१४ च्या सुमारास ब्रायटनला त्यांनी मालिशचं स्नानगृह काढलं आणि पुढे इंग्लंडच्या दोन राजांचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. मामींना हे सांगायचं मी मनात पक्कं केलं.

शिकायचं तर काय पाहून शिकायचं?

आता मुद्द्याचं. कुणा मैत्रिणीच्या मनात हे काम असेल तर वैद्यबाईंनी सांगितलेलं असं :

मालिश करणारी ही डॉक्टर नव्हे आणि फिजिओथेरपिस्टही नव्हे. फिजिओथेरपी हा बारावी विज्ञाननंतरचा अनेक वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. मालिशसाठी दहावीच्या आसपास शिक्षण असेल तरी रस्ते आहेत. एक 'स्पा थेरपिस्ट'चा, जो ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीत शिकवतात. दुसरा 'पंचकर्म टेक्निशियन'चा, ज्यात वैद्यांच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. पैसे भरण्याआधी विचारायचं, प्रमाणपत्र कोण देणार? प्रत्यक्ष हातानं काम किती तास करायला मिळणार? शरीररचना, स्वच्छता, प्रथमोपचार शिकवणार का?

कुणाला मालिश करू नये, हे आधी शिकायचं. ताप, उघडी जखम, पसरणारा त्वचारोग, नुकतं मोडलेलं हाड. एकच पोटरी सुजून गरम नि दुखरी झाली असेल तर हात न लावता दवाखान्यात पाठवायचं, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपण, कर्करोग, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

स्वतःचं शरीरही सांभाळायचं. अंगठ्यानं जोर लावणारीचे अंगठे लवकर जातात. दाब द्यायचा तो उभ्या शरीराच्या वजनानं, हात सरळ ठेवून, टेबल मांडीच्या उंचीला घेऊन. मावशींचे गुडघे कशानं गेले ते तेव्हा उमगलं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. या नावाखाली फसवणारे खूप आहेत. राहणं-जेवण फुकट, पगार भरमसाट, आणि पत्ता नीट सांगत नाहीत, अशा जाहिरातीला लांबूनच नमस्कार करावा. पहिल्यांदा जाताना घरचं माणूस बरोबर न्यावं. कामाची वेळ, पगार, आणि गिऱ्हाईक फक्त बायकाच असतील का, हे लेखी घ्यावं. मूळ कागदपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नयेत.

बहिणीनं जी जाहिरात आणली होती, तिच्यातल्या नंबरावर शेगावहूनच आम्ही फोन लावला. प्रमाणपत्र कोण देणार, या प्रश्नाला तिकडून "आधी फी भरा, मग सांगू" असं उत्तर आलं. बहिणीनं फोन ठेवला आणि जाहिरात घडी करून पर्समध्ये टाकली. "राहू दे, किराण्याची यादी लिहायला होईल!"

नांदुरा, मलकापूर करत शेवटच्या दिवशी मोताळ्याकडे निघालो. खिडकीबाहेर कापूस फुटलेला होता. बहिणीनं वाटेतच ठरवलं होतं. वैद्यबाईंनी तिला सहा महिने मदतनीस म्हणून यायला सांगितलंय, थोडा पगार देऊन. पंचकर्माच्या अभ्यासक्रमाचे प्रवेश सुरू झाले की तिथूनच अर्ज भरायचा. मुलं तोवर मामींकडे.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. दीन महंमदही ऐकले, जीवकही ऐकले. कशानंही त्या हलल्या नाहीत. मग बहिणीनं वाटीत तेल कोमट केलं आणि गेल्या पावसाळ्यापासून आखडलेला त्यांचा उजवा खांदा हातात घेतला. वीस मिनिटांनी मामी म्हणाल्या, "खामगावची पहिली गाडी किती वाजता आहे?" होकार म्हणून त्यांच्याकडून तेवढंच आलं. उद्या पुन्हा बदलतील, सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, शहरात स्पामध्ये गेलो की आपण बिल निमूटपणे भरतो, वर बक्षिसीही ठेवतो. सव्वा महिना थंडीत रोज पहाटे उठून येणाऱ्या मावशींशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. तुमच्या घरी बाळंतीण असेल तर पैसे पहिल्याच दिवशी ठरवा आणि दर आठवड्याला द्या. बसायला उंच पाट द्या. हात धुवायला गरम पाणी नि साबण ठेवा. चहा घरातल्यांबरोबर द्या. आणि त्यांचं नाव विचारून घ्या. बाळाच्या वहीत जन्मवेळ आणि वजन लिहिता, त्याच पानावर तेही लिहा.